साधं का पॉवर? कोल्हापुरात पहिली स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांसाठी

"साधं का पॉवर?"

काच अर्धी खाली यायच्या आत पंपावरच्या पोराचा प्रश्न येतो, म्हणजे साधं पेट्रोल का महागडं 'पॉवर'. घरची साधी गाडी असली की तो विचारतही नाही, सरळ साध्याचं नोझल उचलतो. पण बुटकी गाडी, रुंद टायर, मागं दोन नळ्यांचा सायलेन्सर दिसला की त्याचा हात आपसूक महागाच्या नोझलकडं जातो. मागं तीन गाड्या उभ्या असतात, शेजारच्या रांगेतून कुणीतरी ओळखीचं बघत असतं, मग आपण म्हणतो, "टाक पॉवर, फुल कर." नाद केला तर पुरता करायचा हा आपल्या गावचा रिवाज. ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतींपर्यंत जाऊन आलेला रेसर कृष्णराज महाडिक याच गावचा, मग आपण लिटरमागं सात-आठ रुपयांसाठी घासाघीस करायची होय?

मी पहिलं वर्षभर असंच केलं. सेकंडहँड घेतलेली टर्बो पेट्रोल हॅचबॅक, दिसायला लहान, चालायला तिखट. वर्षभर पॉवर टाकलं आणि वर्षभरात एकदाही पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आतला स्टिकर वाचला नाही. ज्याच्यासाठी पैसे देत होतो ते गाडीला हवं होतं का, हेच मला ठाऊक नव्हतं. नव्यानं गाडी घेणाऱ्यांनी ही चूक करू नये म्हणून, मला जे ज्या क्रमानं आधी कळायला हवं होतं, त्याच क्रमानं लिहितोय.

पहिली पायरी: झाकण उघडा, पुस्तक काढा

सगळ्यात आधी टाकीच्या झाकणाची आतली बाजू बघा. तिथं एक आकडा असतो: ९१, ९५ किंवा ९८. त्याच्या शेजारी 'आरओएन', म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेनचा आकडा, लिहिलेलं असतं, जर्मन गाडीवर 'आरओझेड' असू शकतं, दोन्हीचा अर्थ एकच. गाडीवाले त्याला नुसतं 'रॉन' म्हणतात. स्टिकर उडाला असेल, रंगकाम करताना कुणी खरवडला असेल, तर ग्लोव्ह बॉक्समधलं मालकाचं पुस्तक काढा. सेकंडहँड गाडीत पुस्तक नसलं तर कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल आणि साल टाकून मिळतं.

आकड्याइतकाच त्याच्या मागचा शब्द महत्त्वाचा. 'किमान ९५' आणि 'शिफारस ९५' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. किमान म्हणजे त्याच्या खाली उतरायचं नाही. शिफारस म्हणजे जाहिरातीत सांगितलेली ताकद या पेट्रोलवर मिळेल, त्याखालच्यावर गाडी चालेल पण जरा हात राखून. बऱ्याच युरोपीय स्पोर्ट्स कारच्या पुस्तकात दोन्ही आकडे असतात: शिफारस ९८, किमान ९५. घाईत पहिलाच वाचून लोक उगाच घाबरतात.

इथं एक खड्डा आहे, त्यात मी पडलोय. यूट्यूबवर अमेरिकन माणूस सांगतो, "या गाडीत ९१ टाका," आणि आपण खूश होतो, की आपलं साधंच ९१ आहे! पण अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीचा. रॉन आणि मॉन अशा दोन चाचण्यांची सरासरी तिकडं लावतात, आपल्याकडं आणि युरोपात नुसता रॉन. तिकडचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१-९२, तिकडचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६, आणि तिकडचं ९३ म्हणजे आपल्या ९८च्या जवळ. मस्टँगसारख्या अमेरिकन गाडीबद्दल काही वाचत असाल तर आधी हा हिशेब करा, मग पंपावर जा.

झाकणाच्या आत अजून एक खूण शोधा: गोलात लिहिलेलं ई५ किंवा ई१०. युरोपातून आलेल्या गाड्यांवर ती २०१८नंतर दिसते. गाडी जास्तीत जास्त किती टक्के इथेनॉल पचवेल ते त्यावरून कळतं. त्याची गरज पुढं लागणार आहे.

दुसरी पायरी: तो आकडा कशाचा, ते समजून घ्या

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. हे एक वाक्य डोक्यात बसलं तर अर्धे पैसे वाचले म्हणून समजा. १०० ऑक्टेनच्या लिटरभर पेट्रोलमध्ये ९१च्या लिटरभर पेट्रोलपेक्षा जास्त जाळ भरलेला नसतो. ऑक्टेन सांगतं ते एवढंच, की हे पेट्रोल दाबलं आणि तापवलं तरी ठिणगीची वाट बघत किती गप्प बसतं. मोजपट्टीची दोन टोकं अशी: आयसो-ऑक्टेन नावाचा चिवट द्रव म्हणजे १००, आणि हेप्टेन नावाचा उतावळा द्रव म्हणजे शून्य.

सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो, हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, प्लग ठिणगी टाकतो, आणि ज्वाला एका कडेनं दुसऱ्या कडेकडं सरकत जाते. असं शिस्तीत व्हायला हवं. पण दाब आणि उष्णता फार झाली तर ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण स्वतःहून फुटतं. पिस्टनला ढकलण्याऐवजी हातोडा बसतो. यालाच नॉकिंग म्हणतात. आपले मिस्त्री म्हणतात, "इंजिन ठोकतंय."

मी तो आवाज पहिल्यांदा करूळ घाटात ऐकला. मे महिना, दुपारी तीनची वेळ. कोकणातून परत येत होतो, गाडीत चार माणसं, डिकीत बर्फाच्या पेटीत सुरमई, एसी पूर्ण. वैभववाडी सोडून घाट चढायला लागलो आणि पुढं वाळूचा ट्रक. त्याच्या मागं वेग पडत गेला, मी आळसानं चौथाच गिअर ठेवला. इंजिनाच्या फेऱ्यांचा, म्हणजे आरपीएमचा, काटा जेमतेम दीड हजारावर, आणि ट्रकनं बाजू दिल्यावर तसाच पाय दाबला. पत्र्याच्या डब्यात चार खडे घालून हलवावेत तसा आवाज पुढून आला. क्षणभर गाडी ओढेचना. तिसरा गिअर टाकला तसा आवाज गेला.

गगनबावड्यात चहाला थांबलो तेव्हा मी ठरवून टाकलं, की पेट्रोलमध्येच काहीतरी गडबड आहे. कोल्हापुरात आल्यावर शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी प्लग काढले, भिंग लावून पांढऱ्या चिनीमातीवर बारीक काळे-चंदेरी ठिपके दिसतात का ते बघितलं. सतत ठोकणाऱ्या इंजिनाच्या प्लगवर तसे ठिपके मिळतात. माझ्या प्लगवर नव्हते. प्लग परत बसवत ते म्हणाले, "मालक, गिअर टाकायचा कंटाळा अन् नावं पेट्रोलला? पेट्रोल बदलायच्या आधी पाय बदला."

त्या दिवशी माझ्या टाकीत पॉवरच होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तिसरी पायरी: आपलं इंजिन कुठल्या जातीचं ते ओळखा

स्पोर्ट्स कारला भारी पेट्रोल का लागतं? तर तिचं इंजिन हवा जास्त दाबतं म्हणून. एक तर कॉम्प्रेशन रेशो मोठा असतो, म्हणजे बारा भाग जागेतली हवा एका भागात कोंबायची असा प्रकार. नाहीतर टर्बो असतो, जो आधीच हवा दाबून आत ढकलतो. दोन्ही असलं तर विचारायलाच नको. दाब वाढला की उष्णता वाढते, आणि उतावळ्या पेट्रोलचा तोल जातो.

आजच्या गाड्यांत याला पहारेकरी असतो. इंजिनाच्या ब्लॉकला बोल्टनं आवळलेला सुपारीएवढा नॉक सेन्सर. ठोक्याची थरथर जाणवली, की तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो. टर्बो असेल तर हवेचा दाबही कमी करतो. ठोका थांबतो, पण उशिरा जळालेल्या पेट्रोलची ताकद पिस्टनऐवजी सायलेन्सरच्या वाटेनं गरम धूर होऊन जाते. पिकअप मंदावतो, अ‍ॅव्हरेज उतरतं. म्हणून ९५ मागणाऱ्या गाडीत कमी ऑक्टेन टाकलं तर ती लगेच बंद पडत नाही, नुसती आंबते. उलट ९१वर जुळवलेल्या गाडीत ९७ टाकलं तर कॉम्प्युटरला पुढं सरकायला जागाच नसते. पैसे जातात, फरक पडत नाही.

तेव्हा पुस्तकात ९१ असेल तर गाडी दिसायला कितीही स्पोर्टी असो, साधं टाका आणि विषय संपवा. पट्टे, स्पॉयलर आणि लाल ब्रेक कॅलिपर पेट्रोल पीत नाहीत. शिफारस ९५ असेल, तर निवड तुमच्या चालवण्यावर आहे. हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी. किमान ९५ असेल, तर निवड कंपनीनं आधीच केलेली आहे. शिफारस ९८ असेल, तर किमान ९५ नेहमीसाठी आणि ९७ किंवा ९९ मिळेल तेव्हा.

आणि एक पाचवी जात आहे, कोल्हापुरात बरीच आढळणारी: रिमॅप केलेली गाडी, म्हणजे ताकद वाढवायला कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदललेली. 'स्टेज वन' करून पंचवीस-तीस घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, वाढवून घेतलेले असतात. ते घोडे आकाशातून येत नाहीत. कंपनीनं खराब पेट्रोलसाठी, उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेली जागा त्यात खर्च झालेली असते. रिमॅप करणाऱ्यानं ज्या ऑक्टेनसाठी प्रोग्राम लिहिलाय त्याच्या खाली एक आकडाही उतरू नका. सेकंडहँड गाडी घेताना मालकाला तोंडावर विचारा, "रिमॅप झालंय का? कितीच्या पेट्रोलवर?" तो अडखळला तर गाडी जाणकाराकडून स्कॅन करून घ्या, मगच टोकन द्या. माझ्या माहितीतली एक गाडी अशीच न विचारता घेतली गेली, साध्यावर हायवेला ताणली गेली आणि तिचा एक पिस्टन तडकला. घेणारा अजून पेट्रोलपंपालाच शिव्या देतो.

चौथी पायरी: पंपावर नेमकं काय मिळतं

'पॉवर' हे खरं तर एका कंपनीच्या पेट्रोलचं नाव, पण आपल्याकडं कुठलंही महागडं पेट्रोल म्हणजे पॉवर, जसा कुठलाही फोटोकॉपीचा कागद झेरॉक्स. नावावर जाऊ नका, आकडा विचारा. इंडियन ऑइलचं एक्सपी ९५, हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर ९५, ही नेहमीची. त्यावर भारत पेट्रोलियमचं स्पीड ९७ आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर ९९. शंभर ऑक्टेनचं एक्सपी १०० इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२०मध्ये दहा शहरांत आणलं, त्यात पुणं होतं. त्याचा भाव साध्याच्या दीडपटीच्या आसपास जातो. ते रोजच्या वापराचं नव्हे. सगळ्या पंपांवर सगळं मिळत नाही. ९५च्या वरचं हवं असेल तर आधी फोन करून विचारा, नाहीतर शिरोलीपासून उजळाईवाडीपर्यंत काटा लालमध्ये घेऊन हिंडायची पाळी येते.

आता साध्याकडं वळू, कारण खरी गंमत तिथं आहे.

एप्रिल २०२०पासून बीएस ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, त्यात साध्या पेट्रोलचा रॉन किमान ९१ ठेवला होता. फार पूर्वी साधं ८८चंही असायचं. मग आलं ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलचा स्वतःचा रॉन १०८च्या पुढं. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५मध्ये ई२०वरच्या टीकेला उत्तर देताना सांगितलं, की या मिश्रणामुळं साध्याचा रॉन ९५पर्यंत जातो. म्हणजे काही वर्षांपूर्वी 'साध्यापेक्षा पॉवर बरं' हा जो हिशेब होता, त्यातलं साधं आता राहिलेलंच नाही. ठोका टाळण्याच्या बाबतीत साधं आणि ९५ यांतलं अंतर बरंच आटलंय. ९५ची शिफारस असलेल्या गाडीत मी आज रोजच्या कामाला साधं टाकतो, त्याचं मुख्य कारण हे.

इथेनॉलचा अजून एक गुण इंजिनाच्या कामी येतो. हातावर सॅनिटायझर घेतलं की उडता उडता गार लागतं ना, तसं ते सिलिंडरमध्ये शिरताना आतली हवा थंड करतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनाला हे मानवतं.

पण फुकट काहीच नाही. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या मानानं ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी. म्हणून अ‍ॅव्हरेज उतरतं. ई१०साठी बनवून ई२०ला जुळवून घेतलेल्या चारचाकीत एक-दोन टक्के आणि बाकीच्यांत तीन ते सहा टक्के घट, असा मंत्रालयाचाच अंदाज आहे. शिवाय जुन्या गाड्यांतले काही रबरी पाइप आणि सील इथेनॉलला सोसत नाहीत. तुमची गाडी २०२३च्या आधीची असेल किंवा झाकणात ई५, ई१० असा गोल असेल तर पेट्रोलच्या पाइपा वर्षातून एकदा वाकवून बघायला सांगा: भेगा, चिकटपणा, वास.

'पॉवर टाकलं म्हणजे इथेनॉल टळलं' हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. ९५च्या नोझलशेजारीही ई२०ची पट्टी असू शकते. मशीनवर काय लिहिलंय ते वाचा, पोराला विचारू नका, त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

आणि तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची? गळिताच्या हंगामात कागलच्या, हुपरीच्या, शिरोळच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं आपली तीनशे घोड्यांची गाडी वीसच्या वेगानं सरपटत असते. पन्नास लिटरच्या टाकीत दहा लिटर अशाच मळीतून, रसातून, धान्यातून आलेलं असतं. पुढच्या ट्रॉलीतला ऊस मागच्या टाकीत जायलाच निघालाय म्हणायचं आणि हॉर्न वाजवायचा नाही.

मग ९५ला जास्त पैसे कशाचे? थोडे खात्रीच्या ऑक्टेनचे, थोडे साफसफाईच्या रसायनांचे. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बारीक भोकांत साचणारा काळपट थर ही रसायनं काढतात, हे खरं. पण थेट फवारणीच्या इंजिनात पेट्रोल हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही, त्यामुळं व्हॉल्व्हवरचा कार्बन कुठलंही पॉवर धुऊ शकत नाही. 'इंजिन आतून चकाचक' हे कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि बिल द्या.

पाचवी पायरी: वही काढा

साधं आणि ९५ यांत फरक लिटरला साडेसात रुपये धरू. समजा साधं १०४ रुपये ५० पैसे आणि ९५ ११२ला. भाव हलतात, पण रीत हीच. साडेसात भागिले एकशे साडेचार म्हणजे सव्वासात टक्क्यांच्या आत-बाहेर. साध्यावर गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल, तर ९५वर तिनं १२.८६ दिले तरच पैसे फिटले. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवलीत, तर साध्यावर साधारण ८३३ लिटर लागतात. अ‍ॅव्हरेज तेवढंच राहिलं तर जादा खर्च सव्वासहा हजार. स्पोर्ट्स कारच्या एका टायरपेक्षा कमी, हेही खरं. म्हणून मी कुणाला पॉवर टाकू नका म्हणत नाही. कशासाठी टाकताय ते माहीत असू दे, एवढंच.

तपासायचं कसं? गाडीच्या स्क्रीनवरच्या अ‍ॅव्हरेजवर विश्वास ठेवू नका, ते खुशामत करतं. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा 'खट' करून थांबलं की थांबा, वरून घोट घोट भरायचा हट्ट नको. ट्रिप मीटर शून्य. टाकी पाऊण संपली की त्याच पंपावर, त्याच मशीनला, तसंच पहिल्या खटपर्यंत भरा. चाललेले किलोमीटर भागिले आता बसलेले लिटर. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. सलग तीन टाक्या साधं, मग तीन टाक्या ९५. दोन्हींची पहिली टाकी मोजण्यात धरायची नाही, कारण आधीचं पेट्रोल उरलेलं असतं आणि कॉम्प्युटरलाही नव्या पेट्रोलशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. रस्ता सारखा हवा. एक टाकी राजारामपुरीतल्या गर्दीत आणि दुसरी पुणे-बंगळूर हायवेला असं केलंत तर वही रद्दीत.

माझ्या वहीत ९५वर अ‍ॅव्हरेज तीन टक्क्यांनी वाढलं. सव्वासातची गरज, मिळाले तीन. गावातल्या गावात तर काहीच फरक नाही.

मग मी कॉम्प्युटरला जोडायचा छोटा ओबीडी स्कॅनर घेतला, आणि इथं माझं मत अर्धं फिरलं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तो लावायचा, मोबाइलवर अ‍ॅप उघडायचं आणि ठिणगीची वेळ बघायची, म्हणजे कॉम्प्युटर ती किती मागं ओढतोय, ठिणगी किती उशिरा टाकतोय ते. एप्रिलच्या दुपारी, चार माणसं घेऊन पन्हाळ्याचा चढ साध्यावर चढलो तेव्हा वेळ वारंवार मागं जात होती. आठवड्यानं तोच चढ, तीच माणसं, तीच दुपार, ९५वर: क्वचितच. तळपायाला फरक कळला नव्हता, आकड्यांना कळला. स्क्रीन दुसऱ्यानं बघायची, चालवणाऱ्यानं नव्हे. माझ्याकडं हे काम पुतण्यानं केलं आणि मोबदल्यात मिसळ खाल्ली.

सहावी पायरी: ऋतू, घाट आणि पाय

त्यामुळं माझी पद्धत अशी झाली. गावातली ये-जा, ऑफिस, रंकाळा: साधं. मार्च ते मे, भरलेली गाडी आणि आंबोली, आंबा, फोंडा किंवा करूळ यांपैकी कुठलाही घाट: निघायच्या आधी ९५. हायवेला बेळगाव-पुणे लांब पल्ल्यावर सलग वेगात: ९५. पावसाळ्यात हवा गार असते, साधं पुरतं.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळं इथं हवा किंचित विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाला त्याचा थोडा फायदा होतो, दाब कमी पडतो म्हणून ठोकाही कमी. टर्बोवाल्यांनी मात्र खूश होऊ नये, टर्बो ती तूट भरून काढतो.

आणि पाय. उद्यमनगरच्या मिस्त्रींचं वाक्य मी मोबाइलमध्ये लिहून ठेवलंय. कमी आरपीएमवर मोठा गिअर ठेवून ॲक्सिलरेटर दाबणं हा छोट्या टर्बो इंजिनावरचा सगळ्यात मोठा अत्याचार. तिथं नुसता ठोका नव्हे, ठिणगीच्याही आधी मिश्रण पेटण्याचा वेगळा धोका असतो, आणि त्यावर ऑक्टेनपेक्षा कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं इंजिन ऑइल जास्त उपयोगी. चढाला काटा दोन हजारांच्या वर ठेवा, गिअर उतरवा, मग दाबा. गाडी गुरगुरली म्हणून पेट्रोल वाया जात नाही.

सातवी पायरी: पंप निवडणं

महागड्या पेट्रोलची एक अडचण कुणी सांगत नाही: ज्या पंपावर ते खपत नाही तिथं ते जमिनीखालच्या टाकीत पडून शिळं होतं. त्यातले हलके, पटकन पेटणारे भाग उडून जातात. म्हणून आडरस्त्यावरच्या पंपावर ९५ घेण्यापेक्षा, जिथं दर दोन-तीन गाड्यांमागं एक ते भरते अशा वर्दळीच्या पंपावर घ्या. मी एकदा गाव सोडून लांबच्या एका पंपावर ९७ भरलं, मशीनवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ होती. पुढचे दोन दिवस गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरत होती. धूळ बघूनच कळायला हवं होतं.

शंका आली तर तुमचा हक्क वापरा. प्रत्येक पंपावर फिल्टर पेपर ठेवलेला असतो. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाकायला सांगा. दोन मिनिटांत उडून डाग राहिला नाही तर ठीक, तेलकट गोल उरला तर भेसळीची शंका. घनता मोजून मागा: काचेचं भांडं, हायड्रोमीटर, थर्मामीटर. १५ अंशांच्या हिशेबात बदललेली पेट्रोलची घनता ७२० ते ७७५ किलो प्रति घनमीटर या पट्ट्यात हवी आणि त्या दिवशी पंपानं नोंदवलेल्या आकड्याच्या तीन वर किंवा तीन खाली. मापाबद्दल संशय असेल तर पाच लिटरचं प्रमाणित भांडं मागा, त्यात २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो. हे मागताना आवाज चढवायची गरज नाही. "मॅनेजर साहेब, जरा पेपर बघू या का," एवढं पुरतं. आणि ही मागणी गर्दीच्या वेळी करू नका, मागचे लोक तुमच्यावरच उखडतील.

चुकून दुसरंच भरलं तर

९५ मागणाऱ्या गाडीत साधं गेलं, तर टाकी काढायला धावू नका. ती टाकी अर्धी होईपर्यंत सौम्य चालवा, पूर्ण ॲक्सिलरेटर नको, घाट नको. मग वरून ९५ किंवा ९७ भरा, मिश्रणाचा आकडा साधारण मधला येतो. फक्त रिमॅपवाल्यांनी हे अंगावर घेऊ नये, त्यांनी जवळच्या पंपापर्यंत हळू जावं आणि टाकीत जागा असेल तेवढं वरचं भरावं. डिझेल गेलं असेल तर मात्र स्टार्टचं बटण दाबायचंच नाही. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करायला माणूस बोलवा. सुरू केलीत की खर्चाच्या आकड्यापुढं एक शून्य वाढतं.

पावसाळ्यात झाकून ठेवणार असाल

आपल्याकडं बरेच जण जूनमध्ये गाडीला कव्हर घालतात आणि गणपतीला काढतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. अर्धी टाकी म्हणजे वर अर्धी ओलसर हवा. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं, पेट्रोल वर तरंगतं, आणि गाडीच्या टाकीतला पंप तळातूनच ओढतो. म्हणून ठेवण्याआधी खपाच्या पंपावरून ताजं भरून टाकी जवळजवळ फुल करा, झाकण घट्ट लावा. जमलं तर दर दहा-पंधरा दिवसांनी अर्धा तास चालवा. नुसती जागेवर घुरघुरवण्यात अर्थ नाही.

कव्हर काढल्यावर पहिल्याच दिवशी पन्हाळा गाठायचा मोह होईल. आधी वीस किलोमीटर गावात हळू फिरवा, मोकळ्या झालेल्या जागेत ताजं ९५ भरा, आणि गाडी गरम असताना खुराक नीट घेते का, आचके देत नाही ना, ते ऐका. काच खाली, गाणी बंद.